गोव्याच्या उन्हातही थर्मोस्टॅट लागतो

गेल्या मे महिन्यात चोर्ला घाटात आमच्या झेन गाडीचा तापमानाचा काटा लाल पट्टीला टेकला, तेव्हा शेजारी आई होती, मागच्या सीटवर बेळगावच्या आत्यासाठी घेतलेले दोन फणस होते आणि बाहेर ऊन मी म्हणत होतं. साखळीहून पर्ये, मोर्ले, केरीपर्यंत काटा नेहमीच्या जागी होता, अर्ध्याच्या किंचित खाली. अंजुण्याचं धरण मागे पडलं, चढ लागला, दुसऱ्या गिअरवर तीन-चार वळणं घेतली आणि काटा हलला. एसी बंद केला. तरी तो चढतच राहिला.

"हे असं झालं की बाबा हीटर लावायचे," आई म्हणाली.

आईला गाडी चालवता येत नाही. पण बाबांच्या शेजारी वीस वर्षं बसून तिच्या लक्षात राहिलेलं बरंच काही आहे, आणि ते वेळेवर बाहेर येतं. मी हीटर पूर्ण गरमवर टाकला, त्याचा पंखा शेवटच्या खुणेपर्यंत नेला आणि चारही काचा खाली केल्या. पायांवर भट्टीची हवा यायला लागली. आईने साडी घोट्यावर आवळून धरली आणि एक शब्द बोलली नाही. काटा लाल पट्टीतून जरासा मागे आला. पुढे कडेला रुंद जागा मिळाली तिथे थांबले, मिनिटभर इंजिन तसंच चालू ठेवलं आणि मग बंद केलं.

रेडिएटरच्या झाकणाला हात लावला नाही. हे लिहून ठेवते, कारण घाटात थांबलेल्या गाड्यांची झाकणं तिथल्या तिथे उघडणारी माणसं मी पाहिली आहेत. झाकण बंद असतं तेव्हा आतलं पाणी दाबाखाली असतं. आमच्या झाकणावर दाबाचा आकडा ०.९ लिहिलाय, म्हणजे समुद्रसपाटीला १०० अंशांना उकळणारं पाणी आत ११८ अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब जातो, आणि ते पाणी एका क्षणात उकळून वाफेसकट तोंडावर येतं. आम्ही पाऊण तास झाडाखाली बसलो, मग उताराने हळूहळू घरी परतलो. आत्याला फोन आईनेच केला.

ही झेन १९९८ ची. ९९३ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, कार्ब्युरेटरवालं. बाबांनी ती नवी घेतली होती. १५ वर्षांनी, २०१३ मध्ये, तिची नोंदणी त्यांनी नूतनीकरण करून घेतली, मग २०१८ मध्ये पुन्हा. २०२३ मध्ये ते नव्हते, तेव्हा कागद घेऊन मी रांगेत उभी राहिले. मी साखळीत राहते, हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते, आणि ही गाडी रोज वापरते. ती जपून ठेवलेली आठवण वगैरे नाही. शाळा, बाजार, डिचोली, म्हापसा, चवथीला गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान, सगळं तिच्यातूनच.

तर गाडी गॅरेजात नेली. कुठल्या, ते सांगायचं नाही. तिथल्या मेस्तांनी पाहताक्षणी सांगितलं, रेडिएटर चोक झालाय. रेडिएटर काढला, धुतला, परत बसवला. १,८०० रुपये गेले. सपाट रस्त्यावर गाडी आधीही तापत नव्हती, त्यामुळे "बघा, झालं काम" म्हणायला कुणालाच अडचण नव्हती. रविवारी सकाळी मी एकटीच केरीच्या वर चढले. त्याच वळणांवर काटा पुन्हा उठला.

दुसऱ्या फेरीत मेस्त म्हणाले, हेड गॅस्केट (इंजिन आणि त्याच्या वरच्या भागामधली पट्टी) गेलं असेल, हेड उघडावं लागेल. नाहीतर आधी एक करून बघूया, आणि मग ते वाक्य आलं, जे गोव्यात जुनी गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने ऐकलं असेल: "थर्मोस्टॅट काडून उडय. गोंयांत तो कित्याक जाय?" म्हणजे, इंजिनाचं पाणी गार व्हायला कधी सोडायचं ते ठरवणारी ती झडप काढूनच टाक, गोव्यात ती कशाला हवी?

मी गाडी घरी घेऊन आले. रागाने नाही. मेस्तांचा हेतू चांगला होता, त्यांनी शेकडो गाड्यांचे थर्मोस्टॅट असेच काढून टाकले असतील आणि त्या गाड्या चालतायत. पण या एका वाक्याचं उत्तर आमच्या घरात लिहून ठेवलेलं आहे.

बाबा खाणीवरच्या वर्कशॉपात स्टोअरकीपर होते. आलेली आणि गेलेली प्रत्येक वस्तू वहीत उतरवायची त्यांची सवय घरीही सुटली नाही. झेनची वही लाल कापडी बांधणीची, लांबट. दर वेळी टाकी भरली की तारीख, किलोमीटर, लिटर, आणि शेवटच्या रकान्यात भागाकार. २००९ ची पानं उघडली तर आकडे असे आहेत: १६.८, १७.१, १६.५. मग पावसाळ्यानंतर एक ओळ, "सर्व्हिसिंग केले, पाण्याची पाइप बदलली." आणि त्याखाली १४.२, १३.९, १४.०. समासात पेन्सिलीने: "काटा वर येत नाही. का?"

चार महिने तो प्रश्न तसाच आहे. मग २०१० च्या मार्चमधल्या एका पानावर निळ्या शाईत: "थर्मोस्टॅट नाही! न विचारता काढला. नवीन बसवला." पुढच्या टाकीचा आकडा १६.४. त्या पानावर बाबांनी काही अधोरेखित केलेलं नाही, पण उद्गारचिन्ह आख्ख्या वहीत तेवढं एकच आहे.

मुलांना शिकवताना मी ही गोष्ट अशी मांडते. गोव्यात बाहेर ३२ अंश असतात, काश्मीरमध्ये हिवाळ्यात शून्य. आपल्याला हा फरक जमीन-अस्मानाचा. पण इंजिनाला नीट काम करायला ८० ते ९५ अंश लागतात. त्याच्या लेखी ३२ अंश म्हणजेसुद्धा थंडीच. थर्मोस्टॅट हा त्या इंजिनाचा दरवाजा. पाणी थंड असतं तोवर दार बंद, पाणी इंजिनातल्या इंजिनात फिरतं आणि लवकर तापतं. ठरलेलं तापमान आलं की दार उघडतं आणि पाणी रेडिएटरकडे गार व्हायला जातं. जास्त गार झालं तर दार थोडं मिटतं. घाटात पूर्ण उघडं, सपाटीवर अर्धवट, उतारावर जवळजवळ बंद, असं ते दिवसभर चालू असतं.

हे दारच काढून टाकलं तर पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरत राहतं. शाळेपर्यंतच्या पंधरा-वीस मिनिटांत इंजिन पुरतं तापतच नाही. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, त्यामुळे ते जास्त लागतं, आणि न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन नेतं. पावसाळ्यात तर आणखी वाईट. आपल्याकडच्या दमट हवेत इंजिनाच्या आत पाणी धरतं. तापलेल्या इंजिनातून ते वाफ होऊन निघून जातं, थंड इंजिनात ऑइलमध्येच मुरतं. ऑइलच्या झाकणाखाली पिवळट, लोण्यासारखा थर दिसला की लोक हेड गॅस्केट गेलं म्हणून घाबरतात. पुष्कळदा कारण एवढंच असतं, की गाडी कधी पुरती तापतच नाही.

आणि घाटाचा प्रश्न? बिघडलेलं दार काढल्याने गाडी घाटात तापायची थांबते हे खरं. म्हणूनच हा सल्ला टिकून आहे. पण दार बिघडलं तर नवीन दार बसवायचं, चौकट उघडी ठेवायची नाही.

आता आधी हे पक्कं करायचं होतं की दोष दाराचाच आहे. शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर गाडी अंगणात फणसाच्या सावलीत लावली, पूर्ण थंड होऊ दिली आणि पहिल्यांदा हेड गॅस्केटची शंका काढली. डिपस्टिकवर ऑइल स्वच्छ, पाण्याचा मागमूस नाही. रेडिएटरचं झाकण थंड असतानाच काढून इंजिन सुरू केलं, तर पाण्यात बुडबुडे नाहीत. सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही. महिन्याभरात पाण्याची पातळीही उतरलेली नव्हती. गॅस्केट फुटलं असतं तर यातलं काहीतरी बहुतेक दिसलं असतं.

मग झाकण लावलं, ओढणी काढून ठेवली (पंखा विजेवरचा आहे, कधी फिरायला लागेल सांगता येत नाही) आणि रेडिएटरला वरून येणाऱ्या जाड रबरी पाइपवर हात ठेवून उभी राहिले. आत आईला काट्यावर लक्ष ठेवायला बसवलं होतं.

"अर्ध्याच्या खाली." "अर्ध्यावर." "अर्ध्याच्या वर गेला हां, बाय."

पाइप नुसता कोमट. बाळाच्या अंघोळीच्या पाण्याइतका. पंखा सुरू झाला, आणि तो ज्या रेडिएटरवर वारा घालत होता त्याचा खालचा भाग हाताला चक्क गार लागत होता. हीटर लावला तर आत आग. इथे मला घाटातली ती भट्टी आठवली आणि सगळा उलगडा झाला. हीटरकडे जाणारं पाणी थर्मोस्टॅटच्या अलीकडून निघतं. हीटर कडक गरम, म्हणजे पाणी भरपूर आहे आणि वॉटर पंप ते फिरवतोय. पंखा चालू, म्हणजे त्याचा स्विच शाबूत. रेडिएटर गार, म्हणजे गरम पाणी तिथवर पोचतच नाही. मधे फक्त एक गोष्ट उरते. दार थोडंसं उघडत असणार, म्हणून सपाटीवर निभत होतं. घाटात इंजिनाची उष्णता वाढली की तेवढी फट पुरत नव्हती.

नवीन थर्मोस्टॅट म्हापशाच्या एका स्पेअर पार्टच्या दुकानात मिळाला. त्याच्या कागदी गॅस्केटसकट ३२० रुपये. दुकानदाराने दोन प्रकार पुढे ठेवले होते, मी कडेवर ८२ कोरलेला घेतला, कारण बाबांच्या वहीत तोच आकडा होता.

रविवारी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजला तेव्हा मी बोनेटखाली होते. इंजिन रात्रभर थंड झालेलं. रेडिएटरच्या तळाचा नळ सोडून पाणी बादलीत काढलं. खरं तर कूलंट म्हणायला हवं, पण त्यात कूलंट नावालाच उरलं होतं. तांबूस, गढूळ पाणी, चहाच्या चोथ्यासारखा गाळ. चूक माझीच. गेल्या दोन वर्षांत पाणी कमी वाटलं की मी घरच्या बोअरवेलचं ओतत आले. त्यातल्या क्षारांनी आणि लोखंडाने काय केलं, ते पुढे दिसलं.

बादली लगेच उंचावर ठेवली. कूलंट चवीला गोड असतं आणि विषारी असतं. कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मरतात. आमच्या अंगणात तीन मांजरं आहेत.

वरचा पाइप सुटेना. क्लिप पकडीने मागे सरकवली, तरी रबर धातूला चिकटलेलं. ओढायचं नाही, पिळायचं, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, मग सुटतो. त्याच्या मागे इनटेक मॅनिफोल्डवर ॲल्युमिनियमची छोटी टोपी, दोन बोल्टांनी धरलेली. एक सहज फिरला. दुसरा गंजलेला. गंज सोडवायचा स्प्रे मारला आणि तासभर हात लावला नाही. बोल्ट लोखंडाचा, आटे ॲल्युमिनियमचे. जोर केला तर आटे निघतात किंवा बोल्ट आत मोडतो, आणि ३२० रुपयांचं काम काही हजारांवर जातं. त्या तासात मी घावणे खाल्ले. परत येऊन पाना लावला, आधी अगदी थोडा आवळायच्या दिशेने, मग सोडायच्या. "कट्" असा कोरडा आवाज आला आणि तो फिरला.

टोपी उचलली. थर्मोस्टॅट जागेवर होता, बाबांनी २०१० मध्ये बसवलेला. त्याच्या झडपेभोवती तांबडा-तपकिरी थर चढला होता, समईच्या तळाला बसतो तसा. स्प्रिंगच्या दोन वेढ्यांमधे गाळ भरून घट्ट झालेला. पितळेची कुपी, तिच्यात मेण. मेण वितळताना त्याचं आकारमान १० ते १५ टक्के वाढतं, ते एका बारीक दांड्याला ढकलतं आणि झडप उघडते. थंड झालं की स्प्रिंग ती परत मिटवते. वीज नाही, तार नाही, नुसतं मेण. १९३० च्या दशकात सर्जियस व्हर्नेट या अभियंत्याने शोधलेली युक्ती, आजही लाखो गाड्यांत तशीच. मला हे यंत्र फार आवडतं.

नवीन बसवण्याआधी दोन्हींची परीक्षा घेतली. शाळेच्या प्रयोगशाळेतून ११० अंशांपर्यंतचा थर्मामीटर रजिस्टरात नोंद करून आणला होता. आईने स्वयंपाकाचं भांडं द्यायला साफ नकार दिला, आणि ते बरोबरच होतं. माळ्यावरचा ॲल्युमिनियमचा जुना टोप काढला, टोपावर काठी आडवी ठेवून दोन्ही थर्मोस्टॅट सुतळीने पाण्यात सोडले. तळाला टेकू द्यायचे नाहीत, तळ पाण्यापेक्षा जास्त तापलेला असतो. गॅस मंद.

७५ अंश, दोघंही गप्प. ८२ च्या जरा पुढे नव्याची झडप कडेने सुटली, केसभर. मग ती सावकाश, एका लयीत खाली सरकत गेली. ९५ ला पुरती उघडली, मोजली तेव्हा ८ मिलिमीटर. जुना ९० लाही मिटलेलाच. पाणी खळखळ उकळायला लागलं तेव्हा त्याला फट पडली, रुपयाच्या नाण्याच्या जाडीइतकी. पुढे पाच मिनिटं उकळू दिलं, तरी तेवढीच.

आई चष्मा लावून बघत होती. "एवढ्यातून घाट चढत होतो आपण?" म्हणाली.

बसवणं सोपं होतं. मॅनिफोल्डवर चिकटलेलं जुनं कागदी गॅस्केट प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून काढलं. पत्रा किंवा स्क्रू ड्रायव्हर वापरला तर ॲल्युमिनियमवर ओरखडे पडतात आणि तिथून पाणी झिरपतं. मेणाची कुपी आणि स्प्रिंग इंजिनाच्या बाजूला. थर्मोस्टॅटच्या कडेला एक बारीक भोक असतं, त्यात हलणारी पिन, ती वरच्या बाजूला येईल असं फिरवलं. अडकलेली हवा तिथून निघते. टोपी ठेवली आणि दोन्ही बोल्ट आलटून पालटून, थोडेथोडे आवळले.

आतला गाळ मात्र तसा ठेववेना. डिस्टिल्ड वॉटर दोनदा भरून, इंजिन तापवून, थंड करून काढलं. तिसऱ्यांदा पाणी स्वच्छ निघालं. मग कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं. गोव्यात पाणी गोठत नाही, मग कूलंट कशाला, असंही विचारतात. गंज धरू नये म्हणून आणि उकळायचं तापमान वर जावं म्हणून.

भरताना घाई केली नाही. झाकण उघडं, हीटर गरमवर, इंजिन चालू, आणि मधूनमधून वरचा पाइप हाताने दाबत राहिले. एकेक बुडबुडा वर येत होता, पातळी उतरत होती, मी ओतत होते. ही हवा आत राहिली तर नवीन थर्मोस्टॅट लावूनही गाडी तापते, आणि मग दोष बिचाऱ्या थर्मोस्टॅटलाच लागतो. शेवटी झाकण लावलं आणि पाइपवर हात ठेवला.

गार. गार. काटा अर्ध्याकडे सरकत होता, आई आतून सांगत होती. पाइप अजून गार. मग रबराच्या आत काहीतरी सरकल्यासारखं जाणवलं, आणि दहा-बारा सेकंदांत तो इतका तापला की हात काढावा लागला.

"खाली आला गो," आई म्हणाली. "थोडासा. आणि थांबला."

दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनात पाव लिटर कमी झालेलं दिसलं, तेवढं ओतलं. पुढच्या रविवारी बेळगावला गेलो, फणस नवे घेऊन. केरीपासून चोर्ल्यापर्यंत एसी मुद्दाम चालू ठेवला. सर्वात अवघड चढावर काटा एक रेघभर वर सरकला आणि पुढच्या सपाटीवर परत आला. घाटमाथ्यावर थांबले, वरच्या पाइपला हात लावला, गरम. रेडिएटरचा खालचा भाग, तोही गरम. आईला घाई होती, आत्या जेवायला थांबली होती.

वहीत नोंद केली आहे. थर्मोस्टॅट, गॅस्केट, कूलंट, ८२ अंश, तारीख, किलोमीटर. पुढच्या टाकीचा आकडा १५.९ आला, या इंजिनाच्या वयाला मला तो मान्य आहे. खालचा पाइप मात्र टोकाला फुगायला लागलाय, दाबला की भेगा दिसतात. तो चवथीच्या आधी बदलायचा. पाइप आणून ठेवलाय, क्लिपा आणायच्या आहेत.